कॉलेजच्या मुलामुलींची ई-सायकल : घेऊन देण्याआधी पालकांनी समजून घ्यायच्या गोष्टी



जून-जुलैत प्राथमिक शाळेच्या ऑफिसात जुने विद्यार्थी हमखास दिसतात. जात पडताळणीसाठी पहिलीच्या प्रवेशाचा उतारा लागतो, म्हणून बारावी झालेली मुलं आईवडिलांना घेऊन येतात. जनरल रजिस्टर शोधेपर्यंत गप्पा होतात, आणि हल्ली त्या गप्पांत एक प्रश्न ठरलेला असतो : "बाई, कॉलेज लांब आहे. ती बॅटरीची सायकल घेऊन द्यावी का? तिला लायसन लागत नाही म्हणतात."

एका वाक्यात उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून आजचा पाठ त्यावरच. यात विज्ञान आहे, गणित आहे आणि नागरिकशास्त्रही आहे, त्यामुळे सातवी-आठवीच्या वर्गातही तो घेता येईल. माझं मत आधीच सांगून टाकते. पॅडल असलेली आणि पॅडल मारलं की साथ देणारी ई-सायकल कॉलेजच्या मुलांसाठी फार उपयोगाची वस्तू आहे. घोळ होतो तो त्याच नावाखाली दुसरंच काहीतरी विकलं जातं तेव्हा.

बारावीनंतर रस्ता लांबतो

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, हे आपल्यातल्या अनेकांनी जवळून पाहिलं आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पासही आहे. या दोन गोष्टींनी किती मुली हायस्कूलपर्यंत टिकल्या, ते गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण ही मदत बारावीला थांबते आणि अंतर नेमकं तिथूनच वाढतं. हायस्कूल शेजारच्या गावात असतं, तीन-चार किलोमीटरवर. पदवीचं कॉलेज तालुक्याच्या गावी, दहा-बारा किलोमीटरवर.

सवलतीचा पास पुढेही मिळतो, पण पास असून गाडी नसेल तर काय करायचं? सकाळची एसटी सातला, नंतरची दहाला. सायन्सचं प्रॅक्टिकल संपतं साडेपाचला आणि मुक्कामी गाडी सुटते साडेसातला. ते दोन तास मुलगी स्टँडवर बसून काढते. घरात मोटारसायकल एकच, ती वडिलांना नाहीतर भावाला लागते. मग बी.एस्सी.चं बी.ए. होतं, कारण बी.ए.ला रोज गेलं नाही तरी चालतं असं सगळे म्हणतात. पुढे बी.ए.ची परीक्षा बाहेरून द्यायची ठरते, आणि तेवढ्यात स्थळं यायला लागतात. अभ्यासात मागे नसलेल्या मुलीचं शिक्षण बारा किलोमीटरांनी अडवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

साध्या सायकलने बारा किलोमीटर जाता येत नाही असं नाही. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांनी असंच शिक्षण घेतलं. पण रोज जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर, एप्रिलचं ऊन, समोरचा वारा, पाठीवर जर्नल आणि डबा, मध्ये एखादा चढ, आणि पोचल्यावर लगेच पहिला तास! महिनाभर हौस टिकते, मग सायकल भिंतीला लागते. मोटरची साथ इथे कामाला येते. चढ आणि वारा ती सांभाळते, बाकी पाय चालूच राहतात.

शहरातल्या विद्यापीठांचं चित्र वेगळं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा आहे. वसतिगृह, विभाग, ग्रंथालय यांत चांगली पायपीट होते. डिसेंबर २०१७ मध्ये या आवारात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली सुरू झाल्या, पण काही वर्षांतच त्या दिसेनाशा झाल्या. मद्रास आयआयटीसारख्या संस्थेत विद्यार्थ्यांना आवारात स्वतःचं मोटारवाहन वापरता येत नाही, तिथे सायकलच राज्य करते. आवारातल्या आवारात फिरायचं असेल तर माझ्या मते साधी सायकल पुरे. दोन किलोमीटरसाठी तीस-चाळीस हजार घालवायची काही गरज नाही. ई-सायकलचा खरा उपयोग सहा ते पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात आहे.

सायकल कुठे संपते आणि मोटारवाहन कुठे सुरू होतं

"लायसन लागत नाही" हे वाक्य दुकानात फार सैलपणे वापरलं जातं. त्यामागचा नियम केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे. बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाच्या मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी असेल, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नसेल, तर ते कायद्याच्या भाषेत मोटारवाहन धरलं जात नाही. म्हणून त्याला नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, चालवणाऱ्याला लायसन नाही. पॅडलच्या सायकलीसाठी आणखी एक अट आहे : वेग २५ कडे जाईल तशी मोटरची साथ कमी होत शेवटी बंद झाली पाहिजे, आणि चालवणाऱ्याने पॅडल थांबवलं तर त्याआधीच बंद झाली पाहिजे. चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हेही नियमातच आहे.

या चौकटीत दोन वस्तू बसतात. एक खरी सायकल : पॅडल, चेन, वजन वीस-पंचवीस किलो. दुसरी दिसायला पूर्ण स्कूटर, पॅडल नाही, पण वेग कमी. कागदोपत्री दोघींना सूट सारखीच. दुसऱ्या प्रकारातल्या वाहनाला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. अशी चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. विक्रेत्याकडे हे प्रमाणपत्र मागा. तो इकडचं तिकडचं बोलायला लागला तर दुकान बदला.

खरी गडबड पुढे असते. "एक वायर काढली की चाळीसने पळते" हे वाक्य विक्रेता मुलाच्या कानात सांगतो, पालकांच्या नाही. वायर काढली त्या क्षणी ते वाहन सवलतीतून बाहेर पडलं. आता ते मोटारवाहन आहे : नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं, आणि बहुधा लायसन नसलेल्या मुलाच्या हातातलं. कुणाला धडक बसली तर विमा कंपनी नावाची गोष्टच मध्ये नाही, भरपाईची जबाबदारी घरावर येते. चालवणारा १८ वर्षांखालचा असेल, आणि अकरावी-बारावीची बहुतेक मुलं असतातच, तर मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती लागू होते. पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. पालकसभेत हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. आपण मोबाईलवर तासभर बोलतो, यावर पाच मिनिटं बोलायला हरकत नाही.

पॅडल आणि मोटर यांची ही सरमिसळ आपल्याला नवीन नाही, बरं का. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने आणलेल्या लुनाला पॅडल होतं. पेट्रोल संपलं की ते मारत घरी येणारी माणसं पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवतील. तीच लुना २०२४ मध्ये बॅटरीवर परत आली, ती ताशी ५० च्या आसपास धावते आणि तिला पॅडल नाही. म्हणजे ती सरळ मोटारवाहन आहे, तिला नंबरप्लेट आणि लायसन दोन्ही लागतं. नावावरून आणि दिसण्यावरून ठरवू नका, हे मुलांना सांगायला हे उदाहरण चांगलं आहे.

मोटर काय करते?

मुलांना हा भाग आवडतो. चाकात मोटर बसवलेल्या बॅटरीच्या सायकलीचं पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन या माणसाला १८९५ च्या ३१ डिसेंबरला मिळालं. कल्पना एवढी जुनी! अडलं होतं ते बॅटरीच्या वजनावर. पॅडलला साथ देणारी सायकल यामाहाने जपानमध्ये १९९३ ला बाजारात आणली. हलकी लिथियम-आयन बॅटरी १९९१ पासून विकली जात होती, ती पुढे स्वस्त झाली आणि सायकलीला खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. त्या बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं.

आता २५० वॅट म्हणजे किती? रोजच्या सवयीचा माणूस सायकल मारताना दीर्घकाळ साधारण ७५ ते १०० वॅट काम करू शकतो. म्हणजे मागच्या सीटवर अडीच-तीन माणसं बसून तुमच्याबरोबर पॅडल मारताहेत असं समजा. वर्गात असं सांगितलं की हशा पिकतो आणि आकडा लक्षात राहतो.

साथ देण्याच्या दोन पद्धती आहेत. स्वस्त सायकलीत पॅडल फिरतंय की नाही एवढंच बघणारा सेन्सर असतो. पॅडल हललं की मोटर ठरलेला जोर लावते आणि थांबलं की क्षणभराने बंद होते. महाग सायकलीत पाय किती जोराने दाबला जातोय ते मोजणारा सेन्सर असतो, तिची साथ मऊ लागते. पहिल्या प्रकारची सायकल सुरुवातीला एकदम पुढे उसळते, म्हणून पहिले आठ दिवस मुलीला मोकळ्या मैदानावर चालवू द्या, एकदम हायवेला नको. घेताना आणखी एक बघा : ब्रेक दाबल्याबरोबर मोटर बंद होते का? चांगल्या सायकलीत ब्रेकच्या दांडीतच तसा स्विच असतो.

बहुतेक सायकलींना पॅडल न मारता चालवायचा थ्रॉटलही दिलेला असतो. पाय दुखला, पंक्चर काढून उशीर झाला, अशा वेळी तो ठीक. पण रोज थ्रॉटलवरच चालवली तर व्यायाम गेला, आणि खर्चही वाढतो. तो कसा ते बघू.

खर्चाची आकडेमोड

समजा बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास आहे. दोन्हींचा गुणाकार ३६० वॅट-तास, म्हणजे ०.३६ युनिट. केवळ मोटरवर किलोमीटरला १५ वॅट-तास लागतात असं धरलं तर एका चार्जमध्ये २४ किलोमीटर, आपल्या मुलीचं जाणं-येणं बरोबर तेवढंच. महिन्याचे २४ दिवस कॉलेज धरलं तर ५७६ किलोमीटर. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून दहा युनिट, युनिटला दहा रुपये धरले तर शंभर रुपये. किलोमीटरला १७ पैसे. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असं धरलं तर तेवढ्याच अंतराला १,३४४ रुपये होतात.

विक्रेता इथेच थांबतो. आपण थांबायचं नाही. बॅटरीचं आयुष्य मोजून असतं. ५०० पूर्ण चार्जनंतर ती दमायला लागते असं धरू, आणि नव्या बॅटरीची किंमत दहा हजार धरू. ५०० गुणिले २४ म्हणजे १२,००० किलोमीटर. दहा हजाराला त्याने भागा : किलोमीटरला ८३ पैसे! विजेपेक्षा बॅटरीचीच झीज जवळपास पाचपट महाग. दोन्ही मिळून किलोमीटरला एक रुपया, महिन्याला ५७६. पेट्रोलपेक्षा निम्म्याहून कमी आहे हे खरं, पण "फुकटात फिरा" ही जाहिरात खोटी आहे.

आता तीच मुलगी निम्मं काम पायांनी करायला लागली तर? एका चार्जवर अंतर दुप्पट, विजेचा खर्च निम्मा आणि बॅटरीचं आयुष्यही किलोमीटरमध्ये दुप्पट. महिन्याचे ५७६ चे २८८ होतात. पॅडल मारण्याचा फायदा असा थेट रुपयांत दाखवता येतो, त्यासाठी आरोग्यावर भाषण द्यावं लागत नाही.

चार्जिंग : इथे कानाडोळा नको

गावाकडे घरी चार्जिंग सोपं आहे, फक्त विजेच्या वेळा सांभाळायच्या. आकड्यावरच्या विजेवर मात्र चार्जर लावू नका. कायद्याचं सोडा, तिथला दाब इतका वरखाली होतो की चार्जर जायला वेळ लागत नाही.

काळजीचा विषय आहे वसतिगृह आणि कॉट बेसिसवरच्या खोल्या. एका खोलीत चार मुलं, एक प्लग, त्याला लटकलेला एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर लॅपटॉप, इस्त्री, मोबाईल, आणि पलंगाखाली रात्रभर चार्ज होणारी बॅटरी. लिथियम बॅटरी बिघडून पेटली तर आग फार झपाट्याने वाढते, धूर विषारी असतो आणि विझली असं वाटून पुन्हा भडकते. २०२३ या एका वर्षात न्यूयॉर्क शहरात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ माणसं गेली. तिथे डिलिव्हरी करणाऱ्यांच्या ई-सायकली दाटीच्या घरांत चार्ज होत होत्या, त्यांचा यात मोठा वाटा होता. आपल्याकडच्या कॉट बेसिसच्या खोल्या काही वेगळ्या नाहीत. परदेशातल्या अनेक विद्यापीठांनी खोलीत ई-सायकल आणायलाच मनाई केली आहे.

मुलांना कारण कळलं की ती नियम पाळतात, म्हणून कारण सांगा. ३६ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे दहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पोचतो, म्हणून तिचा चार्जर ४२ व्होल्टचा. ४८ व्होल्टच्या बॅटरीत तेरा सेल, तिचा चार्जर ५४.६ व्होल्टचा. आता मित्राच्या चार्जरची पिन आपल्या सायकलीत बसते, म्हणून लावला तर काय होईल? आत संरक्षण करणारं सर्किट असतं, पण स्वस्त बॅटरीत त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे जुगार आहे. चार्जर कंपनीचाच हवा, आणि गेला तर त्याच व्होल्टचा.

२ अँपिअरच्या चार्जरला १० अँपिअर-तासांची बॅटरी भरायला पाच तास पुरतात. रात्रभर लावायची गरज नाही. जागं असताना लावा, भरली की काढा. सायकल किंवा बॅटरी दाराच्या वाटेत, जिन्याखाली ठेवू नका, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. बॅटरी फुगली, वास आला, पडून चेपली, तर ती संपली असं समजा. धूर दिसला तर विझवत बसायचं नाही. बाहेर पडून दार ओढून घ्यायचं आणि १०१ फिरवायचा. वसतिगृहात प्रवेश घेतानाच रेक्टरना विचारा, चार्जिंगची जागा बाहेर शेडमध्ये आहे का. चार पालकांनी विचारलं तर जागा होते, असा माझा अनुभव आहे.

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. या सायकलीला आरसी बुक नसतं, त्यामुळे चोरी झाली तर ओळख फक्त फ्रेम नंबरची. बिलावर तो लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा. आणि पावसात भिजली तर बिघडत नाही, पण सर्व्हिसिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका. हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, तरी हेल्मेटशिवाय सायकल घेऊन देऊ नका. डांबरी रस्त्यावर ताशी २५ ने पडलेल्या डोक्याला ते मोटारवाहन होतं की नव्हतं याने फरक पडत नाही.

वर्गासाठी

सातवी-आठवीला हे गणित घालून बघा. ४८ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी आहे. दर किलोमीटरला एकूण १५ वॅट-तास काम लागतं, मोटरमधला तोटा सोडून द्या. फक्त थ्रॉटलवर किती अंतर जाता येईल? उत्तर ३२ किलोमीटर येतं.

पुढचा प्रश्न : पॅडल मारणारी मैत्रीण त्याच चार्जवर ४८ किलोमीटर गेली, तर तिच्या पायांनी किती काम केलं? एकूण ७२० वॅट-तास लागले, बॅटरीने ४८० दिले, उरलेले २४० तिचे. ती ताशी २० ने गेली असेल तर वेळ लागला २.४ तास. २४० ला २.४ ने भागायला लावा आणि येणारं उत्तर वर सांगितलेल्या माणसाच्या ताकदीशी जुळतं का, ते मुलांनाच शोधू द्या.